बुटातील चकती आणि श्रमश्वास

माझ्या चिकित्सालयातील टेबलाच्या खणात, जुन्या रुग्णपत्रकांच्या गठ्ठ्याखाली, दोन बोटांत मावेल एवढी एक लंबगोल चकती कित्येक वर्षे पडून आहे. एका अंगाने पांढरी, दुसऱ्या अंगाने लाल. तिच्यातील विद्युत्कोश केव्हाच संपला. तो बदलण्याची सोय निर्मात्यांनी ठेवलेली नव्हती, त्यामुळे ती आता कोणत्याही कामाची नाही. तरीही ती टाकून देववत नाही. व्यायामाविषयी महाविद्यालयात जे श्लोक मी पाठ केले, त्यांचा अर्थ मला बऱ्याच अंशी या चकतीने शिकवला, आणि तोही चुकीच्या वाटेने. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले हल्ली रोज मनगटावरचे घड्याळ किंवा हातातील मोबाईल पुढे करून ‘आजचे टायमिंग’ दाखवतात तेव्हा हा विषय व्यवसायबंधूंपुढे मांडावा असे पुनःपुन्हा वाटत होते. संपादक मंडळाने संधी दिली, म्हणून हा लेख.

प्रथम ही चकती म्हणजे काय ते सांगतो, कारण आजच्या तरुण वैद्यांनी ती पाहिली असण्याची शक्यता कमी आहे. मे २००६ मध्ये न्यूयॉर्क येथे ॲपल व नाइकी या दोन कंपन्यांनी मिळून धावणाऱ्यांसाठी एक संच जाहीर केला. त्याची किंमत २९ डॉलर होती. त्यात दोनच वस्तू होत्या. डाव्या बुटाच्या आतील तळव्याखाली ठेवावयाची चकती ही एक, आणि आयपॉड नॅनो या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राच्या बुडाशी खोचावयाचा छोटा ग्राहक ही दुसरी. चकतीत दाबाचे व हालचालीचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारा संवेदक होता. धावण्याचा वेग वाढतो तसा पाऊल जमिनीवर टेकून राहण्याचा काळ कमी होतो. हा काळ मोजून ती वेग व अंतर यांचा अंदाज बांधी आणि बिनतारी लहरींनी संगीतयंत्रास कळवी. मग गाणे क्षणभर मंद होई व कानात मानवी आवाज सांगे की इतके अंतर झाले, इतका वेळ गेला, किलोमीटरला इतकी मिनिटे लागत आहेत. ज्या काळी आमच्या भागात धावण्याचे अंतर ‘त्या लिंबापासून पुलापर्यंत’ असे मोजले जाई, त्या काळी हे सारे चमत्कारासारखे वाटले तर नवल नाही.

अमेरिकेत नोकरीस असलेल्या माझ्या मामेभावाने २००७ च्या दिवाळीत हा संच मला आणून दिला. बी.ए.एम.एस. होऊन मला दोनच वर्षे झाली होती आणि हिवरखेडला नुकताच दवाखाना थाटला होता. रुग्ण कमी व वेळ पुष्कळ अशी अवस्था होती. चकती ठेवण्याची खाच असलेले खास बूट माझ्याजवळ नव्हते, म्हणून बाजारातील चर्मकार काकांकडून रेक्झिनची एक पिशवी शिवून घेतली आणि ती नाड्यांत अडकवली. शाळेच्या मैदानावर टेपने ४०० मीटर मोजून यंत्र जुळवून घेतले. ते मी घाईने केले. पिशवी सैल राहिली होती, हे फार उशिरा लक्षात आले. तोपर्यंत वहीत लिहिलेले माझे अर्धेअधिक किलोमीटर कल्पित ठरले होते.

पहाटे मी अकोटच्या रस्त्याने निघत असे. खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी तेव्हा चालू होती. २०१७ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. उत्तरेस सातपुड्याची काळी रेघ, दोन्ही बाजूंस कपाशी, मध्येच पानपिंपरीच्या मळ्यांचा दमट गारवा. आज आठवतो तो हा सगळा प्रदेश. पण तेव्हा मी त्यातले काही पाहत होतो असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. माझे सारे चित्त कानातील आवाजाकडे असे. काल पाच किलोमीटर झाले, आज सव्वापाच झालेच पाहिजेत. यंत्रात एक योजना अशी होती की धावणाऱ्याने आपले आवडते जोशपूर्ण गाणे निवडून ठेवावे आणि पाय जड झाले की मधली कळ दाबून ते लावावे. ती कळ मी रोज दाबत असे. स्वतःचा विक्रम मोडला की नामवंत खेळाडूंच्या ध्वनिमुद्रित आवाजात अभिनंदनही होई. त्यांपैकी एक आवाज सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचा होता. उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे २०१२ मध्ये त्याची टूर दि फ्रान्सची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. ज्या कंठाने मला ‘आणखी पुढे’ म्हटले, तो स्वतः कशाच्या बळावर पुढे गेला होता हे कळले तेव्हा मी बराच वेळ हसत होतो. असो.

माघ महिन्यात टाच दुखू लागली. सकाळी अंथरुणावरून उतरताना पहिले पाऊल टेकवत नसे. विषम पाद टाकल्याने अथवा श्रमाने प्रकुपित झालेला वायू गुल्फाचा आश्रय करतो, हे वातकंटकाचे निदान मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. स्वतःच्या टाचेला मात्र ‘किरकोळ लचक’ म्हणून आणखी तीन आठवडे धावलो. कानातील आवाजाने दहा किलोमीटर सांगितले त्या दिवशी घरी लंगडत आलो. पुढे चार महिने पादाभ्यंग, इष्टिका स्वेद, गुग्गुळ कल्प आणि अखेरीस माझ्या गुरुजींच्या हातचे अग्निकर्म एवढा सोपस्कार झाला. गुरुजी शलाका तापवताना एवढेच म्हणाले, “वैद्यबुवा, निदान कोणी चुकवलं?”

या दुखण्याइतकीच दुसरी एक घटना मला महत्त्वाची वाटते. दुखणे थोडे उणे झाल्यावर मी पुन्हा हळूहळू धावू लागलो होतो. एका पहाटे संगीतयंत्राची बॅटरी वाटेतच संपली. गाणे थांबले आणि मला माझा श्वास ऐकू आला. मी तोंडाने, मोठ्याने, जवळजवळ आवंढे गिळत श्वास घेत होतो आणि घरापासून जेमतेम एक किलोमीटर आलो होतो. म्हणजे मागील कित्येक महिने मी रोज पहिल्याच किलोमीटरला अर्धशक्तीची सीमा ओलांडत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता, कारण ऐकण्याचे इंद्रिय मी दुसऱ्या कामाला लावले होते.

एकाच अध्यायातील दोन विषय

घरी येऊन चरक काढला. सूत्रस्थानातील सातवा अध्याय, न वेगान्धारणीय. या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मूत्र, पुरीष, क्षवथू, जृंभा यांची उदाहरणे आपण रुग्णांना नित्य देतो. यादीच्या शेवटचा वेग मात्र आपण घाईने म्हणून टाकतो, तो म्हणजे श्रमामुळे येणारा निःश्वास. तो रोखला असता गुल्म, हृद्रोग व संमोह उत्पन्न होतात आणि तेथे विश्रांती व वातघ्न उपक्रम हितकर होत, असे आचार्य सांगतात. आणि याच अध्यायात, थोड्याच श्लोकांनंतर, व्यायामाची व्याख्या येते, त्याचे गुण येतात, अतिव्यायामाचे दोष येतात आणि हत्तीला ओढू जाणाऱ्या सिंहाचा प्रसिद्ध दृष्टांत येतो. हे दोन विषय एकाच अध्यायात का, असा प्रश्न विद्यार्थिदशेत मला कधी पडला नव्हता. त्या पहाटे पडला.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात बलार्धाचे लक्षण दिले आहे. हृदयस्थित वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास सुरू झाला, की निम्मे बल खर्ची पडले असे जाणावे. कपाळ, नाक, काख व हातापायांचे सांधे येथे घाम आणि तोंडाला कोरड ही चिन्हे परंपरेने त्यास जोडली जातात. वाग्भटाने ही अर्धशक्तीची मर्यादा बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यांसाठी, तीही शीतकाल व वसंत ऋतूत सांगितली आहे. अन्य ऋतूंत त्याहूनही कमी. या लक्षणांकडे नीट पाहिले तर ती सर्व धावणाऱ्याला स्वतःच, धावता धावता, कोणत्याही उपकरणावाचून कळण्याजोगी आहेत. आमच्या गावच्या आखाड्यातील वस्ताद पोरांना दरडावत, “तोंड उघडलं का खाली बस.” त्यांनी सुश्रुत वाचला नव्हता. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्या वऱ्हाडातल्या मातीत हे ज्ञान तोंडोतोंडी मुरलेले होते.

संगीताच्या परिणामाविषयी आधुनिक संशोधनही याच दिशेने बोलते. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्टास कारागिओर्गिस यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. मंद व मध्यम श्रमात संगीतामुळे श्रमाची जाणीव साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, तीव्र श्रमात हा परिणाम ओसरतो, असे त्यांच्या कामातून दिसते. येथे ‘श्रम कमी होतात’ असे म्हटलेले नाही, ‘श्रमाची जाणीव कमी होते’ असे म्हटले आहे. नियमित, सुदृढ व्यक्तीस हा लाभच आहे. आळसाने घराबाहेर न पडणाऱ्या स्थूल रुग्णास मीही गाणी ऐकत चालण्यास सांगतो. परंतु जो आधीच आपल्या बलाच्या काठावर धावतो आहे, त्याच्या बाबतीत ही जाणीवच तर त्याचे रक्षण करणारी असते. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने २००७ मध्ये रस्त्यावरील शर्यतींत संगीतयंत्रांस बंदी घातली होती, नंतर सामान्य धावपटूंसाठी ती शिथिल केली. त्यांचा हेतू मुख्यतः सुरक्षिततेचा व स्पर्धेतील समानतेचा होता. श्रमश्वासाचा विचार त्यामागे असल्याचे मला आढळले नाही.

मोजणे परके नाही

यावरून मी मोजमापाच्या विरुद्ध आहे असा समज होऊ नये. पावले मोजणे आपल्याला परके नाही. जेवणानंतर शंभर पावले चालावे हा सुश्रुतोक्त विधी आपल्या भाषेत ‘शतपावली’ या एकाच शब्दात मावला आहे. जपानमध्ये १९६५ साली पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता आणि पुढे तोच आकडा जगभर आरोग्याचा मापदंड म्हणून फिरला. त्याच्या मुळाशी शास्त्रीय निष्कर्षापेक्षा विक्रीची सोय अधिक होती.

आणि प्रमेहचिकित्सा पाहा. निर्धन प्रमेही रुग्णाने पादत्राण व छत्री यांवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा अधिक चालावे, असे सुश्रुताचार्य सांगतात. योजनाच्या मापाविषयी मतभेद आहेत. बारा किलोमीटर धरले तरी हे अंतर बाराशे किलोमीटर होते. एवढे मोठे अंतर सांगताना आचार्यांनी त्याला काळाची मुदत घातलेली नाही. एका गावी एक रात्र एवढेच बंधन आहे. मला हा भेद फार बोलका वाटतो. त्यांनी अंतर ठरवून दिले, वेग रुग्णाच्या बलावर सोडला.

आमच्याकडील प्रश्न नेमका वेगाचा आहे. पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारास १६०० मीटर धावावे लागते. ५ मिनिटे १० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला तर पूर्ण २० गुण. म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १४ सेकंद. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटे ५० सेकंद. चाचणीच्या वेळी अनेक ठिकाणी उमेदवाराच्या पायाला चिप बांधून वेळ नोंदवतात. माझी लाल-पांढरी चकती जणू नव्या रूपात आमच्या मुलांच्या पायाशी परत आली. फरक एवढाच, की मी हौसेने धावत होतो आणि ही मुले कापसाच्या भावावर चालणाऱ्या घराला पगार मिळावा म्हणून धावतात. त्यांना ‘अर्धशक्तीनेच व्यायाम करा’ असे नुसते सांगणे सोपे आहे, पण त्याने भागत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६०० मीटर धावल्यानंतर आपल्या वऱ्हाडातून मुंबईस गेलेल्या एका तरुणाला प्राण गमवावा लागला. त्या बातमीनंतर आठवडाभर माझ्या दवाखान्यात आईबाप मुलांना घेऊन येत होते. पुढच्या आठवड्यात कोणी आले नाही.

एका उन्हाळ्यातील रुग्ण

काही वर्षांपूर्वी वैशाखात एक बावीस वर्षांचा तरुण आला. तक्रार नाकातून रक्त येण्याची, ती दोन वेळा. तृष्णा, अंगमर्द, झोप तुटक, वजन उतरलेले. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून प्रथम ‘ऊन लागले’ एवढेच निदान कोणीही केले असते. त्याच्या मनगटी पट्ट्यातील नोंदी मी मोबाईलवर मागवल्या. सलग चाळीस दिवसांत एकही विश्रांतीचा दिवस नाही. दररोज १६०० मीटर पूर्ण वेगाने तीन वेळा, शिवाय सायंकाळी लांब पल्ला. पहिले पंचवीस दिवस वेळ सुधारत गेलेली, त्यानंतर वेळ बिघडत चाललेली आणि त्याच धावेस हृदयगती मात्र वाढत चाललेली. मी विचारले असते तर तो ‘रोजच्यासारखंच धावतो’ असेच म्हणाला असता, आणि ते खरेही होते. क्षयाकडे चाललेल्या बलाचे इतके स्पष्ट चित्र मला नाडीत दिसले नसते, ही कबुली येथे द्यावीशी वाटते. यंत्राने उत्तम साक्ष दिली. ती वाचणारा कोणी नव्हता.

“कानात काय लावतोस?” मी विचारले.

“गाणे. त्याच्याबिगर दम टिकत नाही, डॉक्टरसाहेब.”

पंधरा दिवस धावणे पूर्ण बंद, मनुकांचे पाणी, उशीरासव, गोघृताचे नस्य, दूध-तूप-ज्वारीचा आहार आणि अकोल्यास जाऊन हृदयालेख व रक्ततपासणी असा सल्ला दिला. तपासण्या ठीक आल्या, रक्तातील लोह तेवढे कमी होते. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी आले. “पोराले दवाई द्या, पन थांबवू नका. पंधरा दिस गेले तं साल जाते,” असे म्हणाले. मी ऐकले नाही. चाचणीत त्याला ५ मिनिटे ४० सेकंदांच्या आसपास वेळ लागला आणि त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. वडील पुढे कितीतरी दिवस बाजारात दिसले तरी नमस्कार करीत नसत. मी थांबवले नसते तर तो निवडला गेला असता की आणखी काही झाले असते, हे ठरविण्याचा कोणताही मार्ग माझ्याजवळ नाही. तोच सल्ला मी आजही देईन, पण वडिलांच्या वाक्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

त्या मुलासाठी म्हणून जी पद्धत बसवली ती पुढे इतरांनाही लागू पडली, म्हणून सांगतो. तीन दिवस उमेदवाराने इअरफोनवाचून, सकाळी, आहार पचलेला असताना धावावे. तोंडाने श्वास सुरू होईल तेथे घड्याळात पाहून अंतर व वेळ नोंदवावी. तो त्याचा त्या ऋतूतील बलार्ध. रोजचा अभ्यास त्याच्या आत ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी ही खूण पुन्हा तपासावी. हेमंतात ती आपोआप पुढे सरकते आणि मुलांना त्याचा आनंद वेळ सुधारल्याइतकाच होतो. पूर्ण वेगाची चाचणी हा व्यायाम नसून साहस आहे, हे स्पष्ट सांगून ती आठवड्यातून एकदाच, पुढील दिवशी अभ्यंग व विश्रांती राखून करावी. श्रेष्ठ धावपटूंच्या सरावाचा सुमारे ऐंशी टक्के भाग सौम्य वेगाचा असतो, असे स्टीफन सायलर या अभ्यासकाने दाखवून दिले आहे. मुलांना सुश्रुताचे नाव सांगून जे पटत नाही, ते या आकड्याने पटते. मला त्याचा विषाद वाटत नाही. तयारी मात्र शरद-हेमंतात सुरू झाली पाहिजे. जाहिरात निघाल्यावर ग्रीष्मात धावू लागणाऱ्याच्या हाती वैद्य फारसे काही देऊ शकत नाही.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी मागणारा मुलगा आणि कानात गाणे भरून श्वास झाकणारा मुलगा यांच्यात तत्त्वतः भेद नाही. पहिला तुमच्याकडे आधी येतो. ‘स्टॅमिन्याचे’ इंजेक्शन किंवा बिनलेबलची शक्तीची पावडर कोठे मिळेल असे विचारणाऱ्यास परत पाठवताना जवळच्या वैद्याचे नाव सांगावे. अश्वगंधाही ग्रीष्मात पित्तल प्रकृतीच्या मुलाला डबाभर देऊ नये. पिंपळी आपल्या अकोट-तेल्हारा भागाचे पीक आहे. तिच्यावर कित्येक घरे चालतात. तरीही तिचा अतियोग टाळावा असे चरकाने विमानस्थानात बजावून ठेवले आहे, तेव्हा इतरांची काय कथा.

बुटातील चकतीचा तो संच आता इतिहासजमा झाला. आयपॉड नॅनोचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले, २०१८ मध्ये नाइकीने जुन्या संवेदकांची सेवा बंद केली, आणि २०२२ मध्ये आयपॉड हे नावच बाजारातून गेले. वर सांगितलेला तरुण आजही मार्गशीर्षात पहाटे दवाखान्यावरून धावत जातो. आता तो गावातील लहान मुलांना सराव देतो. एका कानात गाणे असते, दुसरा मोकळा असतो. बलार्धाच्या नोंदीची वही तो मुलांकडून भरून घेतो आणि दर महिन्याला मला आणून दाखवतो. ज्या वैद्यमित्रांनी भरतीच्या उमेदवारांवर असे काम केले असेल, त्यांनी आपल्या भागातील ऋतुनिहाय नोंदी संपादकांकडे अवश्य पाठवाव्यात. विशेषतः मुलींच्या ८०० मीटरच्या सरावाविषयी माझ्याजवळ अनुभव फार थोडा आहे.